थांबाकाकू आणि थंड कानांची गाय

माझ्या आत्याला गावात कुणी नावाने हाक मारत नाही. सगळे तिला थांबाकाकू म्हणतात. शेळी चरत नाही म्हणून कुणी धावत आलं, तर ती म्हणणार, "थांब, आधी शेळी बघू दे." कुणी पेरायला निघालं, तर, "थांब, माती मुठीत दाबून बघितलीस का?" एकदा तर पोस्टमनला तिने भर रस्त्यात सायकलवरून उतरवलं. "थांब, तुझ्या बुटाला ही माती कुठली लागली?" तो बिचारा गांगरला, त्याला वाटलं काहीतरी गुन्हा घडला आपल्या हातून. बाईला फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं, की कुणाच्या शेतात अजून ओल टिकून आहे.

मी तिच्याकडे राहायला आले ती नोकरीमुळे. गावातल्या दूध केंद्रावर मला काम लागलं. सकाळी सहापासून लोक किटल्या घेऊन रांगेत उभे राहायचे आणि मी प्रत्येक दुधाचा नमुना यंत्रात घालून फॅट बघायची. आत्याचं घर केंद्रापासून चार पावलांवर. दोन खोल्या, पुढे पत्र्याच्या छपराचा ओटा, मागे गोठा. स्वयंपाकघर आणि गोठा यांच्या मधल्या भिंतीला तिने एक मोठी खिडकी पाडून घेतली होती. गज नाहीत, जाळी नाही. भाजी परतता परतता ती त्या खिडकीतून गाईशी बोलायची आणि गाय मान आत घालून फोडणीचा वास घ्यायची.

पुढच्या ओट्यावर माझे आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, शिलाई मशीन घेऊन बसत. गावातले एकमेव शिंपी. माणूस गप्पिष्ट, दिलदार, पण जनावरांना भयंकर घाबरायचा. शेळी ओट्यावर चढली की आतोबा खुर्चीवर चढत. एकदा शेळीने एका गिऱ्हाइकाच्या नव्या शर्टाची बाही अर्धी खाऊन टाकली. आतोबा रडकुंडीला आले.

"आता त्याला काय सांगू मी?"

"सांगा, हाफ शर्ट शिवलाय," आत्या म्हणाली आणि दुसरी बाहीसुद्धा मापात कापून दिली.

गंमत अशी, की आत्या स्वतः जनावरांच्या घरात वाढलेली नव्हती. माझे आजोबा बसमध्ये कंडक्टर होते. गाय तिने लांबून पाहिलेली. लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्यांचे गुडघे गेलेले होते. ते दिवसभर गोठ्याबाहेरच्या कट्ट्यावर बसून असत आणि मुलगा गोठ्यात पाऊल टाकायला तयार नाही. मग सुनेला पाठवायचे.

"जा, तिच्या कानाला हात लाव."

"लावला."

"कसा लागला?"

"कानासारखा."

सासऱ्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, आधी स्वतःच्या कानाला लाव. मग तिच्या. मग मला सांग, तुझा गरम का तिचा."

असं आठ वर्षं चाललं. शेण घट्ट का पातळ, त्याला वास कसला, नाकपुडी ओली का कोरडी, उठताना कुठला पाय आधी टाकते, पाणी पिताना मधेच थांबते का. ती आत जाऊन बघून यायची आणि कट्ट्यासमोर उभी राहून सांगायची. नाक धरून शेण बघून आली, तर सासरे परत पाठवायचे. बघण्यामागचं कारण त्यांनी फार क्वचित सांगितलं. सांगितलं ते एवढंच, की अमुक कर, तमुक नको, आणि उद्या परत बघ. ते गेल्यावरसुद्धा बरेच महिने आत्या सकाळी गोठ्यातून यायची आणि रिकाम्या कट्ट्यासमोर उभी राहून, "गाईचं शेण आज पातळ आहे, कान ठीक," असं मोठ्यानं सांगायची. आतोबांना वाटलं, बायकोच्या डोक्यावर परिणाम झाला. तिला विचारलं तर म्हणाली, "मोठ्यानं बोललं की मला नीट आठवतं."

तिचं लक्ष कुठे असायचं, ते मला हळूहळू कळत गेलं. गाय रवंथ करायला बसली की ती मोजायची. एका घासाला पन्नास-साठ वेळा जबडा हलला म्हणजे जनावर ठीक. पस्तीस-चाळिसावर आलं, की त्या गाईवर नजर ठेवायची. ही सवय तिला इतकी लागली होती, की जेवताना ती आमचेही घास मोजायची. "अकरा वेळा चावून गिळलंस," ती मला म्हणायची, "तुझ्यापेक्षा वासरू बरं." बियाणं ठेवायचं तर राखेत घोळवून मडक्यात, आणि पेरण्याआधी शंभर दाणे ओल्या फडक्यात बांधून चौथ्या दिवशी उगवलेले मोजायचे. नव्वदच्या खाली आले की ते बी दळायला जायचं.

मी आले त्याच वर्षी तिने एक म्हैस विकत घेतली. धडधाकट, कास मोठी, पण पान्हाच सोडेना. रेडकू पुढे केलं, चुचकारलं, पेंड दिली, काही उपयोग नाही. चार दिवस कासेत दूध तुंबलेलं आणि म्हैस ढिम्म. लोक म्हणाले फसवलं तुला, परत करून टाक. आत्या म्हणाली, थांबा. आणि जिथून म्हैस आणली त्या पिठाच्या गिरणीवाल्याकडे चालत गेली. त्याच्या घरात अर्धा दिवस बसली. परत आली ती हसतच. गिरणीवाल्याचा गोठा गिरणीला चिकटून होता. रोज सकाळी गिरणी सुरू व्हायची आणि त्याच वेळी तो धार काढायला बसायचा. म्हशीला खडखडाटाशिवाय दूध द्यायची सवयच नव्हती.

आमच्याकडे खडखडाट करणारी वस्तू एकच. दुसऱ्या दिवशी पहाटे आतोबांचं मशीन गोठ्याच्या दारात आलं. आतोबा म्हशीकडे पाठ करून, खांदे कानापर्यंत ओढून बसले आणि रिकामंच मशीन चालवायला लागले. "लाथ मारणार नाही ना?" "नाही." "वळून बघते आहे का?" "बघते आहे. तुम्ही शिवा." पाच मिनिटांत चरवी भरली. पुढे तीन आठवडे मशीन रोज दोन-दोन हात मागे सरकवत तिने म्हशीची सवय सोडवली. तेवढ्या दिवसांत आतोबांनी गोठ्यात बसून सात उशांचे अभ्रे शिवले आणि भीती तेवढीच राहिली.

अशी ती होती, आणि गावाचा तिच्यावर विश्वास होता. म्हणूनच सुतारकाकांच्या गाईचं जे झालं ते तिला फार लागलं.

सुतारकाका आमचे शेजारी. त्यांच्या बायकोने, सुतारकाकूंनी, हौसेने एक संकरित गाय घेतली होती. काळी-पांढरी, उंच, दिवसाला अठरा लिटर दूध देणारी. मी तिचं दूध रोज मोजायची म्हणून मला माहीत. त्या गाईचं तिसरं वेत झालं. कालवड झाली, सगळं सुरळीत. दुसऱ्या दिवशी सकाळी गाय बसली ती उठेना. सुतारकाकूंनी आत्याला बोलावलं. माझं केंद्रावरचं काम आटपत आलं होतं, म्हणून मीही गेले.

गाय मान एका बाजूला वळवून पोटावर टेकवून बसली होती. आत्याने तिच्या कानाला हात लावला, मग स्वतःच्या.

"कान गार आहेत," ती म्हणाली. "नाक कोरडं आहे."

सुतारकाकांनी खिशातून फोन काढला. "जनावरांच्या डॉक्टरबाईंना लावू का?"

आत्याने गाईच्या पाठीवरून हात फिरवला. तिने आयुष्यात कितीतरी गाई व्यायलेल्या पाहिल्या होत्या. व्याल्यावर दमतात, बसून राहतात, पोतं टाकून ऊब दिली की दुपारपर्यंत उठतात.

"थांबा, भाऊजी," ती म्हणाली. "दमली आहे. पोती घाला अंगावर, शांत राहू द्या. उठेल."

सुतारकाकांनी फोन परत खिशात ठेवला.

अकराच्या सुमारास गाईचं डोकं जमिनीला टेकलं. पोट फुगायला लागलं. तेव्हा फोन गेला. डॉक्टरबाई लांबच्या गावात होत्या, स्कूटर पिटाळत आल्या, पण त्यांच्या आधी वीस मिनिटं गाय गेली होती. त्या तरीही खाली बसल्या, डोळा उघडून बघितला आणि विचारलं, "सकाळी कशी होती? कुणी हात लावून बघितलं होतं का?"

"मी," आत्या म्हणाली. "साडेसात वाजता कान गार होते. मान डावीकडे वळवलेली. नाक कोरडं."

डॉक्टरबाईंनी मान वर केली. तरुण मुलगी होती, बोलायला साधी. "साडेसातला कान गार होते? मग तेव्हाच मला कळायला हवं होतं. शिरेतून कॅल्शियम दिलं असतं, तर कदाचित अर्ध्या तासात उठून..."

आणि मग आजूबाजूच्या लोकांचे चेहरे बघून ती पेटी बंद करायला लागली.

"कदाचित वगैरे नको म्हणूस बाई," आत्या म्हणाली. "उठली असती."

सुतारकाका रागावले असते, भांडले असते तर बरं झालं असतं. ते आत गेले आणि त्यांनी रंधा मारायला घेतला. दिवसभर तो आवाज येत होता.

वासराला आईचं दूध राहिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून आत्या आपल्या तांबड्या गाईचं दूध घेऊन दोन वेळा शेजारी जायला लागली. सुतारकाकू भांडं हातात घेत. सुतारकाका ती आली की उठून आत जात. तीन महिने आत्याने एक खाडा केला नाही आणि तीन महिन्यांत ते तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत.

आणि आत्यानेही बोलणं सोडलं. म्हणजे घरात बोलायची, पण जनावरांविषयी, पिकांविषयी कुणी विचारलं की म्हणायची, "मला काय कळतंय? डॉक्टरबाईंना विचार." सुरुवातीला लोक गमतीने म्हणाले, थांबाकाकू थांबल्या. मग विचारणंही थांबलं. स्वयंपाकघरातल्या त्या खिडकीला तिने जुन्या चादरीचा पडदा लावला. जनावरांचं करायची सगळं, पण खाली मान घालून, उरकून टाकल्यासारखं. आतोबा एक दिवस जेवता जेवता हात आखडून बसले.

"काय झालं?" तिने विचारलं.

"चार महिने झाले, कुणी माझे घास मोजत नाही. जेवण जात नाही मला."

ती उठून आत निघून गेली. आतोबा माझ्याकडे बघून म्हणाले, "चुकलं का माझं?"

एका रविवारी दुपारी डॉक्टरबाई आल्या. औषधाची पेटी न घेता. ओट्यावर बसल्या, चहा प्यायल्या, आतोबांकडे एप्रनचं माप दिलं. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, "काकू, माझ्याकडे अठरा गावं आहेत. मी पोचते तेव्हा जनावर आडवं पडलेलं असतं. विचारते, सकाळी कान कसे होते? तर लोक म्हणतात, कानासारखे."

आत्याला हसू आलं. कित्येक महिन्यांनी मी तिला हसताना पाहिलं.

"तुमच्यासारखं हात लावून बघणारं मला कुणी सापडलं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मला तुमची गरज आहे."

"याच हाताने गाय घालवली मी."

"हाताने नाही घालवली. हाताने बरोबर तेच सांगितलं होतं, कान गार आहेत. त्याचा अर्थ लावताना चुकलं. आणि तो अर्थ तुम्हाला कुणी सांगितलाच नव्हता."

आत्या कपाची कड पुसत राहिली. मग तिने पहिल्यांदा प्रश्न विचारला. "आमच्या जुन्या गाई पण अशाच बसायच्या. त्या उठायच्या. ही का नाही उठली?"

"जुनी गाय दोन-तीन लिटर द्यायची. ही अठरा देते. व्याल्याबरोबर रक्तातलं सगळं कॅल्शियम दुधात उतरतं. अंगात काही उरतच नाही. स्नायू चालत नाहीत, मग हृदयही थांबतं."

"म्हणजे ती दमलेली नव्हती. रिकामी झाली होती."

"हो. अगदी तसंच."

"सासऱ्यांनी असली गाय बघितलीच नव्हती," आत्या स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. डॉक्टरबाई गेल्या. आत्या काही लगेच पहिल्यासारखी झाली नाही. पण त्या संध्याकाळी खिडकीवरचा पडदा तिने धुवायला म्हणून काढला आणि परत लावला नाही.

पुढच्या वर्षी पावसाने मधेच मोठी दडी मारली. तीन आठवडे एक थेंब नाही. चारा संपत आला. गावाच्या कडेला मास्तरांचं ज्वारीचं शेत होतं, पोटरीएवढं वाढून तिथेच करपलेलं. मास्तरांनी जाहीर करून टाकलं, माझ्याकडून आता यात काही होणार नाही, ज्यांना जनावरं सोडायची त्यांनी सोडा. आणि नेमका एक हलका पाऊस झाला. तीन दिवसांत त्या करपलेल्या ताटांच्या बुडातून असे काही पोपटी फुटवे आले, की बघणाऱ्यालाही खावेसे वाटावेत.

त्या सकाळी आत्या किटली घेऊन केंद्रावर आली होती. रांगेत उभी असताना तिला समोरच्या रस्त्याने सुतारकाका जाताना दिसले. मागे नंतर विकत घेतलेल्या दोन गाई, आणि पुढे दोर ओढत चाललेली ती कालवड, आता चांगली दांडगी झालेली. आत्याने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा ते ज्या दिशेने निघाले होते तिकडे बघितलं, आणि हातातली किटली माझ्या टेबलावर आदळून ती पळत सुटली. सदुसष्ट वर्षांची बाई, पदर खोचून, रस्ता सोडून बांधावरून. मी यंत्र तसंच टाकून तिच्यामागे धावले.

शेताच्या कुंपणाला जिथून आत जायची वाट होती, तिथे ती दोन्ही हात पसरून उभी राहिली. तिला धाप लागली होती.

सुतारकाका थांबले. सव्वा वर्षानंतर तिच्याशी पहिल्यांदा बोलले. "वहिनी, बाजूला व्हा."

"भाऊजी, आज नको. याच्यात आत्ता विष आहे."

"हिरवागार चारा आहे."

"तहानलेल्या ज्वारीला नुकतं पाणी मिळालं की फुटवे असेच येतात. असेच गोड दिसतात. रोप कंबरेच्या वर जाऊ दे, कणीस धरू दे, मग काही होत नाही. आत्ता जनावर चार घास खाईल आणि पडेल."

सुतारकाका दोराचा वेढा हाताभोवती आवळत म्हणाले, "तुमचं ऐकून मी एक गाय घालवली आहे."

आत्याने पसरलेले हात खाली घेतले नाहीत. तिचे डोळे भरून आले, पण आवाज नीट होता.

"घालवलीत. माझ्यामुळेच गेली. म्हणून तर म्हणते, माझं ऐकू नका. डॉक्टरबाईंना फोन लावा. त्या म्हणाल्या सोडा, तर मी बाजूला होते."

मी फोन लावला आणि आवाज मोठा केला. डॉक्टरबाईंनी नमस्कार-चमत्कार न करता विचारलं, "रोप केवढं आहे?"

आत्या फोनजवळ आली आणि कट्ट्यासमोर उभी असल्यासारखी एकेक करून सांगायला लागली. "पोटरीएवढं. जुनी पानं करपलेली, कडा तांबूस. बुडातून नवे फुटवे, वीतभर. तीन आठवडे कोरडं होतं, परवाच्या आदल्या दिवशी पाणी पडलं. जनावरं उपाशी आहेत, रात्रीपासून काही दिलेलं दिसत नाही, पोटं आत गेली आहेत."

"अजिबात सोडू नका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कुणाचीच नको. मी निघते."

तेवढ्यात मागून सुतारकाकू आल्या, धापा टाकत. कुणीतरी त्यांना सांगितलं असावं, की कुंपणापाशी भांडण जुंपलं आहे. त्यांनी नवऱ्याच्या हातातला दोर घेतला. "गेलेली गाय माझी होती," त्या म्हणाल्या. "वर्षभर तुम्ही रागावून बसलात. मी नव्हते रागावले. चला घरी."

आणि त्याच वेळी शेताच्या पलीकडच्या टोकाला कुणीतरी ओरडलं. गावचा न्हावी. त्याच्या तीन शेळ्या त्या बाजूच्या मोकळ्या कुंपणातून केव्हाच आत गेल्या होत्या आणि तो झाडाखाली वर्तमानपत्र वाचत बसला होता. एक शेळी झिंगल्यासारखी पुढे आली, गुडघ्यांवर बसली, पुन्हा उठली. आत्या ओरडली, "बाहेर काढ, आधी बाहेर काढ सगळ्यांना!" सुतारकाका कुंपणावरून उडी मारून धावले. त्यांनी एक शेळी खांद्यावर घेतली, न्हाव्याने दुसरी, तिसरीला मी आणि आत्याने ढकलत आणलं. डॉक्टरबाई अर्ध्या तासात पोचल्या. सुया, सलाईनची बाटली झाडाच्या फांदीला टांगलेली, सुतारकाकांच्या हातात शेळीची मान. एक शेळी गेली. दोन वाचल्या. न्हावी त्या दोघींच्या पाठीवर हात ठेवून बसला होता.

संध्याकाळी सुतारकाका आमच्या ओट्यावर आले. आतोबांनी लगबगीने खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाले, "वहिनी, मग कधी सोडायचं?"

आत्याने त्यांना पाणी दिलं आणि ती सांगत बसली. कणीस धरल्यावर सोडा. तोवर कापून बांधावर चार-पाच दिवस वाळवून दिलं तर धोका कमी होतो. आणि काहीही झालं तरी उपाशी जनावर कधी हिरव्यात सोडायचं नाही, आधी दोन पेंढ्या कोरडं घालायचं. "आणि सोडायच्या आदल्या दिवशी डॉक्टरबाईंनाही विचारा," ती म्हणाली. "माझं एकटीचं नको." सुतारकाका ऐकत होते, मान हलवत होते. जाताना त्यांनी आमच्या ओट्याच्या डगमगत्या खांबाला हात लावून बघितला आणि म्हणाले, "याला पाचर मारायला हवी. उद्या येतो."

तेव्हापासून ती पुन्हा विचारणाऱ्यांना सांगायला लागली. मात्र आता तिच्या थांबण्याला मुदत असते. "चहा होईपर्यंत वाट बघ. तेवढ्यात रवंथ सुरू झालं नाही तर फोन कर." आणि संकरित गाय व्याली आणि कान गार लागले, तर चहाएवढीसुद्धा मुदत नाही. केंद्रावर दूध घालायला येणाऱ्या बायकांना तिने रांगेत उभ्या उभ्या शिकवलं. आधी स्वतःचा कान, मग गाईचा. काही दिवस सकाळी माझ्यासमोर सगळी रांग आपापले कान चाचपत उभी असायची. नवीन कुणी आलं तर त्याला वाटायचं, गावात कानाची साथ आली आहे. पुढच्या दोन वर्षांत व्याल्यानंतर बसलेल्या पाच गाई डॉक्टरबाईंनी उठवल्या. प्रत्येक वेळी फोन वेळेवर आला होता.

मी ठरवलं, हे सगळं लिहून ठेवायचं. वही आणली, पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं, जनावर आजारी असल्याची लक्षणे, आणि खाली आकडे टाकायला लागले. आत्याने वही ओढून घेतली.

"हे असं नको लिहूस. कुणाची गाय, कधी, काय दिसलं, आम्ही काय केलं, मग काय झालं, असं लिही. नाहीतर लोक नुसतं वाचतील, बघणार नाहीत."

"मग सुरुवात कुठून करू?"

तिने जराही विचार केला नाही. "सुतारभाऊजींच्या गाईपासून. तिचं सगळं लिही, मी काय म्हणाले तेही."

मी लिहिलं. सुतारकाकूंना वाचून दाखवलं. त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली, गाय व्याली ती संध्याकाळी साडेसहाला, सातला नाही. वहीचं ते पान त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

गेल्या वर्षी डॉक्टरबाईंची बदली झाली. जाताना त्यांनी सगळ्या पानांचे फोटो काढून नेले. आता त्या कुठेतरी डोंगराळ भागात आहेत, जिथे लोक मेंढ्या पाळतात. परवा सकाळी त्यांचा फोन आला. तिथल्या मेंढ्यांचे पाय सुजतात, औषधाने बरे होतात, पण महिनाभराने पुन्हा तेच.

"मी मेंढी कधी जवळून बघितलेली नाही गं," आत्या म्हणाली. "माझा काही उपयोग नाही. तिथे कोण बघतं त्यांना?"

"एक म्हातारे बाबा आहेत. सगळे म्हणतात त्यांना कळतं. पण ते माझ्याशी बोलत नाहीत. दोनदा गेले मी."

"लिहून घ्यायला वही घेऊन गेली होतीस?"

"हो."

"वही घरी ठेव. जाऊन बस त्यांच्याजवळ. पहिल्या दिवशी मेंढ्यांचं नावच काढू नकोस. त्यांच्या घरातलं विचार, स्वतःच्या घरातलं सांग. चहा दिला तर पी. नाही दिला तर तू करून दे."

"आणि मग?"

"मग ते मेंढ्यांकडे बघतील, तेव्हा तू पण बघ. ते कुठे बघतायत ते बघ."

फोन चांगला अर्धा तास चालला. फोन माझा, त्यामुळे मला तिथून हलता येईना. केंद्रावर पोचले तेव्हा रांग पार सुतारकाकांच्या दारापर्यंत गेली होती आणि सगळ्यात पुढे न्हावी उभा होता, हातात किटली, तोंडावर राग. "ताई, सहाची वेळ आहे," तो म्हणाला. मी सांगितलं, डॉक्टरबाईंचा फोन होता, मेंढ्यांचे पाय सुजलेत तिकडे. त्याने किटली टेबलावर ठेवली आणि विचारलं, "पुढचे का मागचे?"